रोखा ते क्रेडिट कार्ड : रत्नागिरीच्या संदर्भात कर्ज वर्ग करण्याच्या व्यवहाराचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

एका धनकोचे देणे दुसऱ्या धनकोकडून रक्कम उचलून फेडणे, हा व्यवहार आज 'बॅलन्स ट्रान्सफर' या नावाने ओळखला जातो. एका क्रेडिट कार्डावरील थकीत शिल्लक कमी व्याजाच्या दुसऱ्या कार्डावर वर्ग करावी, ठरावीक मुदतीत ती फेडावी आणि मधल्या काळात वाचलेले व्याज मुद्दलाकडे वळवावे, असे त्याचे स्वरूप असते. कार्ड नवे असले तरी व्यवहार नवा नाही. महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात जुने कर्ज नव्या कर्जाने फेडण्याचे प्रयोग व्यक्तींनी केले, सहकारी संस्थांनी केले आणि शासनानेही कायद्याच्या आधारे केले. त्यांपैकी काहींनी ऋणको मोकळा झाला, तर काहींनी तो अधिक अडकला.

प्रस्तुत लेखात या प्रयोगांचा विचार रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे. रत्नागिरीची निवड करण्यास कारण आहे. देशावरील शेतकऱ्याची पत प्रामुख्याने जमिनीवर उभी होती. रत्नागिरीच्या सामान्य कुटुंबाची पत मात्र दीर्घकाळ मुंबईहून येणाऱ्या वेतनावर उभी राहिली. आजचे कार्डकर्जही तारणाविना, केवळ भावी वेतनाच्या भरवशावर दिले जाते. त्यामुळे आजच्या पगारदार ऋणकोला आपला पूर्वज शोधावयाचा असेल, तर तो पुणे-नगरच्या शेतकऱ्यापेक्षा रत्नागिरीच्या चाकरमान्यात सापडण्याची शक्यता अधिक आहे.

रोख्याचे नूतनीकरण

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. या उठावात सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या दप्तरावर रोख अधिक होता. कर्जरोखे हस्तगत करणे व जाळणे हा त्याचा मुख्य हेतू होता. कागदावर हा राग का होता, याचे उत्तर तत्कालीन मुदतीच्या कायद्यात सापडते.

१८५९ च्या मुदत कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. कायद्याचा हेतू ऋणकोस संरक्षण देण्याचा होता. प्रत्यक्षात तीन वर्षे पुरी होण्यापूर्वी सावकार जुना रोखा रद्द करून नवा लिहून घेऊ लागला आणि थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून दाखल होऊ लागले. दरमहा शेकडा दोन रुपये दराने घेतलेल्या शंभर रुपयांचे उदाहरण घेता येईल. तीन वर्षांत काहीच फेड झाली नाही तर व्याज ७२ रुपये होते आणि नवा रोखा १७२ रुपयांचा बनतो. आणखी तीन वर्षांनी तो सुमारे २९६ रुपयांचा आणि नवव्या वर्षअखेर सुमारे ५०९ रुपयांचा होतो. हिंदू विधीतील दामदुपटीच्या नियमानुसार एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे; म्हणजे मूळ शंभरावर एकूण दोनशेच्या पुढे मागणी जाऊ शकत नव्हती. परंतु नव्या रोख्याने व्याजाचेच मुद्दल होत असल्याने दामदुपटीची मर्यादाही प्रत्येक वेळी वर सरकत असे.

या व्यवहारात धनको बदलत नव्हता, केवळ कागद बदलत होता. ऋणकोला मात्र जुने देणे मिटल्याचा आणि नवी मुदत मिळाल्याचा भास होत असे. १८७९ च्या दख्खन शेतकरी दिलासा कायद्याने या भासावरच उपाय योजला. न्यायालयाने रोख्यावरील आकडा अंतिम न मानता व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जावे, मुद्दल व व्याज यांचा हिशेब वेगळा मांडावा आणि मुद्दलात मिसळलेले व्याज सामान्यतः वगळावे, अशी तरतूद त्यात करण्यात आली. कर्जाच्या इतिहासाची चौकशी हे कर्जमुक्तीचे पहिले पाऊल होय, हे तत्त्व या कायद्याने प्रस्थापित केले. हा कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. रत्नागिरी त्यात नव्हती.

केवळ चौकशीने भागणार नाही, जुने देणे फेडण्यास स्वस्त भांडवलही हवे, हा विचार याच सुमारास पुढे आला. सर विल्यम वेडरबर्न यांनी मांडलेल्या शेतकी बँकेच्या योजनेत पुरंदर तालुक्यात प्रथम सावकारांशी तडजोड करून जुनी कर्जे निश्चित करावीत, ती फेडून टाकावीत आणि त्यानंतर रयतेने बँकेशी व्यवहार ठेवावा, अशी कल्पना होती. कर्ज वर्ग करण्याची ही संस्थात्मक स्वरूपातील एक आरंभीची योजना होय. लंडनहून तिला मान्यता मिळाली नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९१ मध्ये जमिनीच्या तारणावरील पतपुरवठ्याच्या पुनर्रचनेवर निबंध लिहून हा विषय पुन्हा मांडला. तथापि या सर्व विचाराचा पाया जमीन हाच होता.

खोती मुलूख आणि तारणाचा अभाव

रत्नागिरीत हा पायाच ठिसूळ होता. जिल्ह्याच्या मोठ्या भागात खोती पद्धती होती. खोत हा शासन व कूळ यांच्यामधील वसुली करणारा दुवा असे. अर्धेलीने जमीन कसणाऱ्या कुळाच्या पिकातील मोठा वाटा खोताकडे जात असे आणि अडीअडचणीला दाणा किंवा रोकड पुरविणाराही अनेकदा खोतच असे. १८८० च्या खोती कायद्याने वहिवाटदार कुळांचे काही हक्क मान्य केले. परंतु हे हक्क वारसाने चालत असले तरी सामान्यतः हस्तांतरणीय नव्हते. जो हक्क हस्तांतरित करता येत नाही, तो गहाणही ठेवता येत नाही. परिणामी, कुळाला जमीन दाखवून अन्य धनकोकडे जाण्याचा मार्ग जवळपास बंद होता.

या ठिकाणी एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्यावी लागते. कर्ज वर्ग करता येणे ही ऋणकोची एक शक्ती आहे. ज्याला दुसरा धनको मिळू शकतो, त्याला पहिल्याशी घासाघीस करता येते. धनको, जमीनदार व वसूलदार एकच असेल तर ती शक्ती उरत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. हा लढा प्रामुख्याने जमिनीच्या हक्काचा व माणुसकीचा होता. परंतु कुळाला स्वतंत्र पत मिळण्याचा प्रश्नही त्यात गुंतलेला होता. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला.

मनीऑर्डर आणि गिरणगाव

जमीन तारण देता येत नव्हती. श्रम विकता येत होते. १९११ च्या जनगणनेनुसार मुंबईच्या कापड गिरण्यांतील जवळजवळ निम्मे कामगार तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. (त्या वेळच्या जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचा मोठा भाग समाविष्ट होता, सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला.) चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर गावचे घर चालत असे. पोस्टमनच्या हातून येणारी ही रक्कम गावातील दुकानदाराच्या लेखी कुटुंबाची पत ठरली.

मात्र वेतनावर उभी असलेली पत महाग होती. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये केलेल्या कौटुंबिक अंदाजपत्रकांच्या पाहणीत ४७ टक्के कामगार कुटुंबे कर्जबाजारी आढळली. १९३२-३३ च्या पाहणीत हे प्रमाण ७५ टक्के झाले. रुपयाला दरमहा एक आणा हा दर सर्रास चालत असे. रुपयाचे सोळा आणे असल्याने हा दर दरमहा सव्वासहा टक्के आणि वर्षाला ७५ टक्के पडतो. एक आणा ही रक्कम मात्र क्षुल्लक वाटते. दर मासिक भाषेत सांगितला की त्याची तीव्रता झाकली जाते, हा अनुभव तेव्हापासूनचा आहे.

गिरणगावातील ऋणको एकाच धनकोचा नसे. वाणी, घरमालक, पठाण सावकार, जॉबर आणि गावचा खोत अशी अनेक खाती एकाच वेळी चालू असत. जो धनको अधिक तगादा लावील त्याचे देणे दुसऱ्याकडून उचलून भागविले जाई. म्हणजेच कर्ज वर्ग होत होते. पण निवड व्याजदर पाहून होत नव्हती, तर भीती पाहून होत होती. स्वस्त कर्ज महाग कर्जाने फेडले जाण्याचा धोका अशा वेळी सर्वांत मोठा असतो. हप्ता चुकल्यास घरी वसुलीवाला येईल या धास्तीने आज घेतल्या जाणाऱ्या कर्जांनाही हे निरीक्षण लागू पडते.

शासकीय व सहकारी प्रयोग

जागतिक मंदीच्या काळात शेतमालाचे भाव कोसळले आणि जुन्या कर्जांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. १९३५ मध्ये मुंबई प्रांतिक सहकारी भूगहाण बँक स्थापन झाली. जमिनीच्या गहाणावर दीर्घ मुदतीचे कर्ज देऊन सावकाराचे देणे फेडून टाकणे हा भूगहाण बँकांच्या आरंभीच्या कार्याचा मुख्य भाग होता. १९३९ च्या मुंबई शेतकरी ऋणको दिलासा कायद्याने कर्ज तडजोड मंडळांची तरतूद केली आणि १९४७ मध्ये त्या जागी सुधारित कायदा आला. कर्जाची चौकशी, ऐपतीनुसार रकमेत कपात आणि हप्त्यांची आखणी असा हा क्रम होता. १९४६ च्या सावकारी कायद्याने परवाना, हिशेब व व्याजदर यांवर नियंत्रण आणले.

या प्रयोगांचे मूल्यमापन करताना अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल उपयुक्त ठरतो. १९५१-५२ या वर्षासाठी केलेली ही पाहणी १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जउभारणीत सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, तर सावकारांचा सुमारे ७० टक्के असल्याचे तीत दिसून आले. ही आकडेवारी संपूर्ण देशाची आहे. तथापि तिचा बोध येथेही लागू होतो. जुने देणे वर्ग झाले तरी पुढच्या पेरणीला, आजारपणाला किंवा लग्नाला पैसा कोठून आणावयाचा, या प्रश्नाचे उत्तर तयार नसेल तर ऋणको जुन्याच दारी परत जातो. त्या वेळी त्याच्यावर दोन कर्जे असतात : संस्थेचे आणि सावकाराचे.

भूगहाण बँकेचा पुढील इतिहासही बोधप्रद आहे. भूविकास बँक या नव्या नावाने तिने विहिरी, पंप व जमीनसुधारणा यांसाठी कर्जे दिली. पुढे थकबाकीने ती स्वतःच डबघाईस आली आणि २०२२ मध्ये राज्य शासनाला तिच्या शेतकरी कर्जदारांची थकीत कर्जे माफ करण्याचा निर्णय घ्यावा लागला. इतरांची देणी स्वतःकडे घेणाऱ्या संस्थेलाही वसुलीची शिस्त व ऋणकोची खरी ऐपत यांचा मेळ घालावा लागतो, हे त्यातून स्पष्ट होते.

वेतन हेच तारण मानून हा प्रश्न सोडविण्याचा अधिक यशस्वी मार्ग नोकरदारांच्या पतपेढ्यांनी दाखविला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ नुसार सभासदाच्या संमतीने त्याच्या वेतनातून संस्थेचा हप्ता परस्पर कापून घेता येतो. वसुलीची खात्री असल्याने पतपेढीला कमी दरात कर्ज देणे शक्य होते. शिक्षक व कर्मचारी वर्गात महागडी खाजगी देणी पतपेढीच्या कर्जातून भागविण्याची प्रथा रुजली, ती याच आधारावर.

ज्यांना वेतनचिठ्ठी नव्हती त्यांच्यासाठी गिरणगावातच एक प्रयोग झाला. गिरणी कामगारांना जेवण पुरविणाऱ्या खाणावळवाल्या स्त्रिया महिन्याच्या पगारापर्यंत उधारीवर जेवण घालीत आणि त्यासाठी धान्य स्वतः उधारीवर आणीत. या मधल्या काळाचे व्याज त्यांना वाणी व सावकार यांच्या पाशात अडकवी. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून या स्त्रियांना गटाच्या परस्पर जामिनावर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. येथे केवळ स्वस्त पैसा मिळाला नाही. रोजचे खेळते भांडवल मिळाल्याने उधारीच्या मूळ कारणावरच उपाय झाला. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने कामगारांच्या वेतनाचा आणि त्याबरोबर खाणावळींचाही आधार खचला. वेतनावर उभी असलेली पत वेतनाबरोबरच कोसळते, हा धडा रत्नागिरीतील असंख्य घरांनी त्या वेळी घेतला.

कार्डाचे युग

सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये क्रेडिट कार्ड आणले. नव्वदच्या दशकात विदेशी व खाजगी बँकांनी त्याचा प्रसार केला आणि १९९८ मध्ये स्टेट बँकेचे कार्ड बाजारात आले. पगाराचे खाते बँकेत आल्यावर कार्ड जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचण्यास वेळ लागला नाही. मनीऑर्डरीच्या जिल्ह्यात वेतनावरील पतीला आता प्लॅस्टिकचे रूप मिळाले.

कार्डाच्या देयकातील 'किमान देय रक्कम' ही संकल्पना जुन्या रोख्याच्या नूतनीकरणाशी जवळचे नाते सांगते. किमान रक्कम भरली की खाते नियमित राहते आणि उरलेली शिल्लक व्याजासह पुढील महिन्यात जाते. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांत किमान रक्कम भरूनही देणे वाढत जाणार नाही अशा रीतीने ती ठरवावी आणि न भरलेले शुल्क व कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज आकारू नये, असे बजावले होते. १८७९ च्या कायद्यातील मुद्दल-व्याज विभाजनाचा विचारच येथे नव्या भाषेत दिसतो. दराच्या कमाल मर्यादेबाबत मात्र चित्र वेगळे आहे. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने ७ जुलै २००८ रोजी वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. परिणामी, महाग शिल्लक स्वस्त जागी नेण्याची जबाबदारी मुख्यत्वे ऋणकोवरच येऊन पडते.

ही निवड कशी करावी, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. कार्डावर एक लाख रुपये थकले असून व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे आणि ऋणको दरमहा पाच हजार रुपये भरू शकतो, असे मानू. नवी खरेदी न केल्यास कर वगळून सुमारे ३५ महिने लागतात आणि एकूण भरणा पावणेदोन लाखांच्या आसपास जातो. हीच शिल्लक दोन टक्के प्रक्रिया शुल्क देऊन दरमहा दीड टक्क्याने वर्ग केली, तर तेवढ्याच हप्त्यात सुमारे २५ महिन्यांत व सुमारे एक लाख २३ हजारांत कर्ज फिटते. बचत सुमारे ५२ हजारांची होते. परंतु सवलतीचा दर केवळ सहा महिन्यांचा असेल आणि नंतर पुन्हा साडेतीन टक्के लागू होत असेल, तर एकूण ३० महिने व सुमारे दीड लाख रुपये लागतात. म्हणजे निम्मी बचत नाहीशी होते. हप्ता पाच हजारांऐवजी कमी केला किंवा रिकाम्या झालेल्या जुन्या कार्डावर पुन्हा खरेदी केली, तर उरलेली बचतही टिकत नाही. म्हणून जाहिरातीतील दरापेक्षा सवलतीची मुदत, शुल्क आणि स्वतःची मासिक भरणाशक्ती हे तीन आकडे प्रथम मांडावे लागतात.

हप्त्याच्या वेळापत्रकाचा प्रश्न रत्नागिरीत विशेष महत्त्वाचा आहे. आंबा बागायतदाराची मुख्य मिळकत उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत येते. फवारणी व राखणीच्या खर्चासाठी तो वाशीच्या दलालाकडून उचल घेतो तेव्हा व्याज दिसत नाही, पण फळ त्याच दलालाकडे पाठविण्याचे बंधन येते. ही उचल फेडण्यासाठी मासिक हप्त्याचे वैयक्तिक कर्ज काढले तर पावसाळ्यापासूनच हप्ते चुकू लागतात. याउलट १९९८ मध्ये सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्ड योजनेत परतफेड हंगामाशी जोडलेली आहे. व्याजदराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, मिळकतीचा हंगाम पाहूनच नवा धनको निवडणे इष्ट ठरते.

निष्कर्ष

रोख्यापासून कार्डापर्यंतच्या या प्रवासातून असे दिसते की कर्ज वर्ग करणे हा कर्जफेडीचा पर्याय नसून कर्जफेडीला मिळालेली सवड असते. ती सवड तीन अटींवर उपयोगी पडते. पहिली, वर्ग करण्यापूर्वी जुन्या देण्यातील मुद्दल, व्याज व दंड यांचा हिशेब वेगळा मांडला गेला पाहिजे. १८७९ मध्ये हे काम न्यायालयाकडे सोपविले होते, आज ते ऋणकोने स्वतः किंवा जाणकाराच्या साहाय्याने करावयाचे आहे. दुसरी, नव्या हप्त्याचा मिळकतीच्या प्रमाणाशी व वेळेशी मेळ बसला पाहिजे. तिसरी, ज्या गरजेने जुने कर्ज झाले तिच्यासाठी वेगळी तरतूद करून जुने दार बंद केले पाहिजे.

खोताच्या कुळाला दुसरा धनको निवडण्याचे स्वातंत्र्य नव्हते. गिरणी कामगाराला ते होते, पण निवड भीतीपोटी होत असे. आजच्या पगारदाराला निवडही आहे आणि दरांची माहितीही उपलब्ध आहे. मात्र ऋण लज्जास्पद मानून ते घरातही लपविण्याची वृत्ती कायम आहे आणि लपविलेल्या कर्जाचा हिशेब मांडता येत नाही. महाविद्यालयांतून अर्थशास्त्र व इतिहास शिकणारे विद्यार्थी उद्याचे वेतनधारक आहेत. दख्खनच्या उठावाचे सन-सनावळीसह अध्यापन होत असताना तीन वर्षांनी बदलल्या जाणाऱ्या त्या रोख्याचे गणितही वर्गात सोडवून घेतले गेले, तर पहिल्या पगाराबरोबर येणाऱ्या कार्डाचे देयक त्यांना वाचता येईल.